मागची पानं शिवणाऱ्या पोतनीसबाई

पोतनीसबाईंकडे गणित शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या गाईडची शेवटची पानं बाई पहिल्याच दिवशी शिवून टाकत. त्यासाठी त्यांच्याकडे एक दाभण आणि गोधडीचा जाड पांढरा दोरा असे. उत्तरांची सगळी पानं एकत्र धरायची, कडेनं चार टाके घालायचे, गाठ मारायची आणि दोरा दातांनी तोडायचा. मुलं हसत. मी दाराजवळ बसून ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं नाही. मनात आलं, या बाईंना काय लपवायचंय?

बाईंबद्दल मी एके काळी चार घरांत बोलले. एरवी मी कोणाशी फार बोलत नाही, पण तेव्हा बोलले, आणि बोललेलं परत घेता आलं नाही. म्हणून आता लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

बाई आमच्याच पोळात, म्हणजे जुन्या गल्लीत, पितळी भांड्यांना पॉलिश करणाऱ्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. खालून दिवसभर चाकाचा घरघराट यायचा, त्यात बाई शिकवायच्या. उंच, वाळक्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांच्या घराण्यात संस्थानच्या कचेरीत मोठमोठ्या जागा होत्या. आमच्या यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार. त्यांच्या घरात कागदांच्या पेट्या, आमच्या घरात भिंतीवर एक गंजलेली तलवार. त्यामुळे एका पोळात राहूनही आमचं येणंजाणं नव्हतं.

बाई एका शाळेत अकरावी-बारावीला गणित शिकवत होत्या. एका वर्षी अर्ध्यातच त्यांनी शाळा सोडली. का सोडली, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, म्हणून पोळानं आपापल्या परीनं कारण शोधलं. कोणी म्हणे डोळे गेले. कोणी म्हणे मोठ्या बाईंशी वाजलं. आमच्या शेजारच्या शारदाबेननी मात्र आवाज खाली करून मला सांगितलं होतं, "मंदाबेन, पेपर फोडेलो एणे. ए बाई बराबर नथी हं."

बाईंनी पेपर फोडला, हे मी मनात ठेवलं होतं.

आमची वैशाली अकरावी सायन्सला गणितात काठावर पास झाली. यांनी जेवतानाच जाहीर केलं, "बारावीला असंच झालं तर सायन्स बंद. करजणहून विचारणा आहेच. मुलाचं स्वतःचं दुकान आहे. होकार कळवून टाकू."

वैशाली ताटावरून उठली. मला चौथीनंतर शाळेतून काढलं तेव्हा मी उठलेही नव्हते, नुसती बसून राहिले होते. दुसऱ्या दिवशी मीच यांना म्हटलं, पोतनीसबाईंना विचारून बघू का?

हे म्हणाले, "त्या? त्यांनी शाळा का सोडली ते माहीत आहे?"

"नाही."

"मग एकटीला पाठवू नकोस. तू जाऊन बस. काय शिकवतात, काय बोलतात, लक्ष ठेव."

तर मी लक्ष ठेवायला जाऊ लागले. रोज दुपारी चार वाजता, हातात गवार नाहीतर निवडायचे तांदूळ घेऊन दाराजवळ बसायची. बाईंनी पहिल्या दिवशी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कशाला?"

"अशीच. सोबतीला."

"सोबतीला," बाई म्हणाल्या आणि दाभण उचललं. त्यांना पटलं नव्हतं. मलाही त्या पटल्या नव्हत्या.

बाई कशावरच पटकन विश्वास ठेवत नसत. दूधवाल्यासमोर दुधाचा थेंब नखावर घेऊन उजेडात धरत. घड्याळ दाखवेल ती वेळ खालच्या पॉलिशवाल्याला विचारून खात्री करून घेत. आणि कोणी 'सगळे' म्हणालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. एकदा एक जण आंब्यांची लारी ढकलत पोळात आला. बाई खाली उतरल्या. लारीवाला म्हणाला, "बधी मीठी छे, बेन. साकर जेवी."

"बधी? तू प्रत्येक चाखलीस?"

"अरे बेन, बधी एक ज झाडनी."

बाईंनी तळातून एक केरी, म्हणजे आंबा, काढली, त्याच्याच सुरीनं कापली आणि फोड त्याच्या तोंडासमोर धरली. त्यानं खाल्ली आणि तोंड वाकडं केलं. "आ एक सिवाय बधी मीठी, बेन."

"मग हेच आधी बोल ना!" बाई म्हणाल्या. "एक सोडून सगळी. खोटं कशाला बोलतोस?" आणि त्याच लारीवरून त्यांनी आंबे घेतले. मी खिडकीतून पाहत होते. मला वाटलं, काय विक्षिप्त बाई आहे. गरिबाला उगीच छळते.

शिकवणंही तसंच. धडा होता विधेयांचा. गुजरातीत विधेय म्हणतात, म्हणजे एक ठरलेली रीत. संख्या आत घालायची, त्या रीतीनं दुसरी संख्या बाहेर येते. आणि प्रदेश म्हणजे कोणकोणत्या संख्या आत घालता येतात, त्या सगळ्या मिळून. हे मला तिथं बसून बसून कळलं. नाहीतर मला कोण सांगणार होतं?

एका दुपारी बाई वैशालीला म्हणाल्या, "ही रीत अशी आहे, जी संख्या येईल तिनं एकाला भागायचं. चार घातले?"

"पाव," वैशाली म्हणाली.

"तो पाव पुन्हा त्याच रीतीत घाल."

"एकाला पावानं भागलं तर... चार."

"दोन घाल."

"अर्धा. पुन्हा घातला की दोन."

"म्हणजे दोन रीती एकीला एक जोडल्या तर शेवटी काय मिळालं?"

"जे घातलं तेच. एक्स."

"मग या जोडलेल्या रीतीत आत कोणाकोणाला घेशील?"

"सगळ्यांना. एक्सला काय, कोणीही चालतं."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "सगळ्यांना? चौकशी केलीस?"

वैशालीनं वहीतली ओळ पुन्हा वाचली. बाई म्हणाल्या, "उत्तर इतकं साधं दिसतंय म्हणजे त्यानं काहीतरी लपवलंय. शून्य घाल."

"एकाला शून्यानं... भागता येत नाही."

"पहिल्याच दारात अडला. मग दुसऱ्या दारापर्यंत पोचला कसा? शेवटचं उत्तर बघून प्रदेश काढायचा नाही. आधी एकेका दारात उभं राहायचं, कोण अडतंय ते बघायचं, लिहून ठेवायचं आणि मग जोडायचं. मुलं आधी सोपं करून टाकतात. सोपं केलं की अडलेल्याची खूण पुसली जाते. लिही, शून्य सोडून सगळे."

माझ्या हातातली गवार तशीच राहिली होती. शून्यानं भागता येत नाही हे मला चौथीतच सांगितलं होतं, पण ते असं कोणाच्या वाटेत आडवं येतं हे ठाऊक नव्हतं. तरीही घरी जाताना मनात दुसरंच घोळत होतं. एवढी चौकशी करायला शिकवणाऱ्या बाई स्वतःच्या शाळेचं कारण का सांगत नाहीत? आणि उत्तरं का शिवून ठेवतात?

आठवडाभरानं वैशाली शाळेत गेली असताना मी ते गाईड काढलं आणि यांच्या दाढीच्या ब्लेडनं टाके उसवले.

मला ते गणित वाचता येत नव्हतं. पण आकार ओळखता येतात. भरतकामाचे दोन नमुने शेजारी ठेवून पाहावेत तशी मी वैशालीची वही आणि गाईडमागची उत्तरं जुळवून पाहिली. पुष्कळशी जुळली. पाच जुळली नाहीत. पाचही ठिकाणी गाईडात नुसता इंग्रजी आर छापला होता आणि वहीत बाईंच्या शिकवणीप्रमाणे आर आणि पुढे त्यातून काहीतरी वजा केलेलं. आर म्हणजे सगळ्या संख्या, एवढं मला ठाऊक होतं. छापलेलं पुस्तक एक सांगतं आणि बाई दुसरंच. म्हणून शिवतात तर!

पानं पुन्हा शिवली. माझ्याकडे तसाच दोरा होता. दुपारी बाईंनी वैशालीचं गाईड हातात घेतलं, गाठीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले. तांदळात एकही खडा नव्हता.

त्याच सुमारास शाळेत चाचणी झाली. तिथल्या सरांनी गणितं त्याच गाईडातून काढलेली. वैशालीला एका मोठ्या प्रश्नात शून्य मिळालं. उत्तरावर लाल शाईत काट मारून बाजूला आर लिहिलेला. पेपर बघून हे तापले. मग मी यांना गाईडाचं सगळं सांगितलं. तेवढ्यावर थांबले नाही. नळावर शारदाबेनना सांगितलं, आणखी तीन घरी सांगितलं. सगळ्यांची मुलं बाईंकडे येत होती. सगळ्यांनी टाके उसवले.

संध्याकाळी हे तो पेपर घेऊन बाईंकडे गेले. मी आणि वैशाली मागे उभ्या.

"बाई, हे काय शिकवता तुम्ही? पुस्तकात एक, तुमचं भलतंच."

"पुस्तक चुकलंय," बाई म्हणाल्या.

"छापलेलं पुस्तक चुकलं? शाळेतले सर पण चुकले? आणि तुम्ही एकट्या बरोबर?"

"एकटं असणं हा काही चुकल्याचा पुरावा नाही. वैशाली, सांग तुझ्या पप्पांना, या गणितात दोन घातले तर काय होतं."

वैशालीनं यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पायाच्या अंगठ्याकडे. "सर म्हणाले, उत्तर सरळ येतं. मग सगळेच..."

बाईंचा चेहरा मी पाहिला. कोणी तोंडावर पाणी मारावं तसा झाला होता. पण आवाज चढला नाही. "बरं. मग सरांकडे जा."

"आणि शाळा का सोडली, तेही सांगून टाका एकदाचं," हे म्हणाले.

"ते तुमच्या गणितात येत नाही," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

वैशालीचं नाव एका मोठ्या क्लासात घातलं. तेव्हा असे क्लास नवीनच निघत होते. भिंतभर बोर्ड, एका खोलीत साठ मुलं, पुढे माईक. मला तिथं सोबतीला बसायची गरज नव्हती. चार वाजले की हात रिकामे व्हायचे.

अशाच एका दुपारी मी कॅलेंडरचं उलटलेलं पान घेतलं आणि ते शून्य मिळालेलं गणित पाठीमागे उतरवलं. वैशालीनं एकदा त्याचा अर्थ मला सांगितला होता. आधी संख्येतून दोन काढायचे आणि जे उरेल त्यानं एकाला भागायचं. हे पहिलं दार. आलेल्या उत्तरानं पुन्हा एकाला भागायचं. हे दुसरं. मी सहा घातले. सहातून दोन गेले चार, एकाला चारानं भागलं तर पाव, एकाला पावानं भागलं तर चार. म्हणजे शेवटी नुसते दोन वजा होतात. भलतंच सरळ. कोणीही चालेल असं वाटावं, असं.

मग मी दोन घातले. दोनातून दोन गेले शून्य. आणि पेन्सिल थांबली.

मी तीन घातले, चालले. दहा घातले, चालले. एक घातला, उणे आले, पण चालले. पुन्हा दोन घातले. पुन्हा पहिल्याच दारात अडले. पानभर आकडे झाले तरी मला विश्वास बसेना. पुस्तक चुकेल यापेक्षा मी चुकले असणार हेच मला सोपं वाटत होतं. दोन दिवस मी ते पान डब्याखाली ठेवलं आणि येता-जाता काढून पाहिलं. दोन अडतच होते.

तिसऱ्या दिवशी वैशालीला दाखवलं. तिनं दोनाच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाली, "आई, मला माहीत होतं गं. त्या दिवशी पप्पांसमोर बोलता आलं नाही." आणि रडायला लागली.

यांना सांगायला मला आणखी एक दिवस लागला. चहाचा कप देतानाच पान पुढे केलं.

"हे काय?"

"बाई बरोबर होत्या."

"कोण म्हणतं?"

"मी."

यांनी कपावरून माझ्याकडे पाहिलं. "चौथी शिकलेली तू आता पुस्तकाच्या चुका काढणार?"

"दोन घालून बघा."

यांनी घातले. हे कारखान्यात फिटर. थोडा वेळ पानाकडे पाहून स्वतःशीच म्हणाले, "पहिल्या मशीनवर जो पीस बसतच नाही, तो दुसऱ्या मशीनवर येणार कुठून?" मग पान घडी करून मला परत दिलं. "सरांना हे कळत नाही?"

"त्यांनी शेवटचा माल बघितला," मी म्हटलं.

हे हसले नाहीत. चहा संपवून म्हणाले, "उद्यापासून बाईंकडे पाठव. घेतील का, विचार."

विचारायला मीच गेले. यांना येववलं नाही. बाई एकट्याच बसल्या होत्या. सतरंजीवर एकही मूल नव्हतं. मी उभ्याउभ्या पान पुढे केलं. बाईंनी ते खिडकीपाशी नेऊन ओळ न् ओळ तपासलं, तीनदा. एके ठिकाणी माझी वजाबाकी चुकली होती, ती पेन्सिलनं दुरुस्त केली.

मी म्हटलं, "बाई, गाईड मी उसवलं होतं."

"माहीत आहे. मुलं उसवतात तेव्हा परत शिवायच्या भानगडीत पडत नाहीत."

"आणि चार घरांत बोलले मी. तुमच्याबद्दल."

"चार? चौकशी केलीत?" बाई म्हणाल्या. "माझ्या कानावर अकरा घरांतून आलं."

मला रडू येऊ लागलं. बाई घाईघाईनं म्हणाल्या, "ते राहू द्या. मुलीचे पंधरा दिवस वाया गेले. उद्या चारला पाठवा. आणि सोबतीला यायचं असलं तर भाजी मोडत बसू नका, आवाज होतो."

वैशाली परत गेली. मीही गेले, रिकाम्या हातानं. बाकीच्यांतली दोन-तीन मुलं आली, उरलेली आलीच नाहीत. मी त्या घरांतून फिरून सांगितलं की चूक माझी होती. तीन घरांनी ऐकून घेतलं. शारदाबेन म्हणाल्या, "हशे, पण पेपर तो फोडेलो ने?" म्हणजे असेल, पण पेपर तर फोडलाच ना? बाईंनी शाळा का सोडली हे मला आजही माहीत नाही. पूर्वी ते माहीत नाही म्हणून वाईटच असणार असं वाटायचं. आता नुसतं माहीत नाही.

बारावीचा पेपर देऊन वैशाली बाहेर आली तेव्हा पहिलं वाक्य हेच बोलली, "आई, प्रदेशाचं आलं होतं. मी आधी दारात उभी राहिले." निकाल लागला. गणितात तिला तिच्या वर्गात कोणाला नव्हते इतके मिळाले. यांनी करजणला नकाराचं पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं आणि पोस्टात टाकायला मला दिलं. मी ते टाकून पेटीवर दोनदा थापट मारली, आत नीट पडलं की नाही म्हणून.

त्याच उन्हाळ्यात बाई भाचीकडे इंदूरला जायला निघाल्या, कायमच्या. डोळे खरंच अधू झाले होते. पोळाच्या तोंडाशी रिक्षा उभी होती. सामान ठेवून झालं, पॉलिशवाला पाया पडला, वैशाली पाया पडली. मी वाकले तशी बाईंनी माझा हात धरून मला आत, रिक्षाच्या छपराखाली ओढलं.

"पहिल्या दारात वर्गमूळ काढायचं. दुसऱ्या दारात त्याचा वर्ग करायचा. शेवटी काय?"

रिक्षावाला मागे वळून पाहत होता. माझी कानशिलं तापली. "जे घातलं तेच."

"आत कोणाला घेशील?"

मी मनातल्या मनात एकेक घालून पाहिले. नऊ चालले. उणे नऊ अडले, त्याचं मूळ कुठून आणणार? मग शून्य घातलं. वाटलं, शून्य म्हणजे अडणारच. पण शून्याचं मूळ शून्य, त्याचा वर्ग शून्य. गेलं की.

"उण्यांना नाही," मी म्हटलं. "शून्याला हो. इथं शून्याला घ्यायचं."

बाईंनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या वैशालीकडे, मग पुन्हा माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही."

"वैशालीनं खूण केली?"

"नाही बाई. मीच."

"हं," बाई म्हणाल्या. रिक्षा सुरू झाली. बाई बाजूनं डोकं बाहेर काढून मागे बघत राहिल्या, आम्हा दोघींकडे आळीपाळीनं, आमच्यापैकी खोटं कोण बोलतंय ते शोधत असल्यासारख्या, रिक्षा वळेपर्यंत.